कुरकुरीत कसं होतं ते कळव

४ नोव्हेंबर, दुपार

धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस. तुझा नवरा उचलतो आणि "सगळं ठीक ना वहिनी, ठेवतो" म्हणून ठेवतो. भाऊजींना रेसिपी विचारायची म्हणजे भिंतीला रस्ता विचारायचा. म्हणून लिहायला बसले. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं सलग मी कधी लिहिलेलं नाही. अक्षराला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

काम एकच आहे. तुझं ते जपानी चिकन कसं करायचं ते लिहून पाठव. रविवारी करायचीस ते, कुरकुरीत.

कशाला, तेही सांगते. आईंना मोठा ताप येऊन गेला. ताप गेला, पण जाताना म्हातारीची भूक घेऊन गेला. सूप दिलं, दोन चमचे घेतलं. अंडं दिलं, बाजूला सारलं. मऊ भात, दूध, पाव, केळं, सगळ्याला एकच उत्तर. ताट पुढे ढकलायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. का, ते सांगत नाहीत. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपरापर्यंत घसरतं. घरात घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आहे म्हणून यांनी पट्ट्याला आणखी एक भोक पाडून दिलं. आता तेही सैल झालं.

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, "तळलेलं खाऊ देत, गोड खाऊ देत, काय वाटेल ते खाऊ देत, पण खाऊ देत. महिनाअखेरीला मी परत येते. वजन वाढलं नसेल तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल." आई डोळे मिटून ऐकत होत्या. बाई पायऱ्या उतरल्या तशा मला म्हणतात, "नळी घातलीस तर ओढून काढीन, आणि तिनेच तुला बडवीन." बडवायला ताकद आहे, घास उचलायला नाही.

मी म्हटलं, मग काय खाणार ते तरी सांगा. तर म्हणे, "धाकटीचं ते कुरकुरीत."

ऐकलंस? इतकी वर्षं लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून घरी येते आणि यांच्यासाठी रांधते. आणि मागितलं काय, तर तुझं.

त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. तुझी आई पहिल्यांदा आपल्या घरी आलेली, बाहेर ताटकळत बसलेली, आणि तू अर्धकच्चं चिकन कढईतून काढून जाळीवर ठेवून हात बांधून उभी. मी गॅस मोठा केला आणि सगळं परत आत टाकलं. कोणीतरी करायला नको? बाहेरून काळं, आतून गुलाबी झालं, त्याला मी काय करू. तू तेव्हाही तोंडातून शब्द काढला नाहीस. अप्रन सोडलास, खुंटीला अडकवलास, आणि पुढच्या महिन्यात सामान बांधलंत. अप्रन अजून तिथेच आहे. मला अडचण होते त्याची, पण काढून ठेवायला वेळ मिळालेला नाही.

तर रेसिपी पाठव. सगळं लिही. नेहमीसारखं दोन शब्दांत उरकू नकोस.

तुझी मोठी जाऊ


११ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. "तंगडीचं मांस, हाड काढून, कातडी ठेवून. सोया सॉस, आलं, लसूण, थोडी दारू. मुरवणे. बटाट्याचं पीठ लावून तळणे." खाली सही नाही, वर नमस्कार नाही. औषधाच्या बाटलीवर याच्यापेक्षा जास्त मजकूर असतो.

बाई गं, उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं. इथे माझे काय हाल झाले ते ऐक.

खाटकाला म्हटलं हाड काढून दे, कातडी ठेव. तो म्हणाला, "मावशी, सगळं जग कातडी काढायला सांगतं." म्हटलं जगाला सांग माझी जाऊ जगावेगळी आहे. मग दारू. आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात पाऊल टाकलं, तेही लाँड्रीचा निळा डगला अंगात. दुकानदाराने विचारलं, "कोणती देऊ?" म्हटलं, कोंबडीला चढेल अशी कोणतीही दे. रांगेतली माणसं खो खो हसली. बाहेर पडते तर समोर आमच्या लाँड्रीची मालकीण. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?" आता तिला काय सांगू, सासूला जपानी खायचंय म्हणून? दुसऱ्या दिवशी चादरींच्या इस्त्रीवरून तिने मला काढलं आणि वाफेच्या यंत्रापासूनही लांब बसवलं. माझा हात थरथरेल म्हणून!

आणि बटाट्याचं पीठ. ते कसं करतात ते तू लिहिलं नाहीस, मग मी माझी अक्कल चालवली. बटाटे उकडले, सोलले, कुस्करले आणि एकेका तुकड्याला लिंपले. घराच्या भिंतीला गिलावा करतात तसे. तेलात सोडले तर बटाटा एकीकडे, कोंबडी दुसरीकडे. दोघांचं आपल्या दोघींसारखं झालं. तेल असं उडालं की यांचा चष्मा वाचला आणि भुवई गेली. थोडीच गेली. हे आरशात बघून आले आणि म्हणाले, "त्या पदार्थाचं नाव काय होतं? कारागे ना? मग कारागीर दुसरा बघावा लागेल." एक काटा बसवायला यांना अर्धा दिवस लागतो, पण टोमणा बसवायला क्षण लागत नाही.

आईंनी तो लगदा एकदा दाताखाली घेतला, थुंकला आणि भिंतीकडे वळल्या.

बटाट्याचं पीठ म्हणजे काय ते नीट लिही. "थोडी" म्हणजे किती तेही लिही. "मुरवणे" म्हणजे कुठवर? मी अंतर्ज्ञानी नाही.

मोठी


१८ नोव्हेंबर, दुपारी जेवणाच्या सुट्टीत

धाकटे,

तुझं दुसरं पत्र मिळालं. या वेळी पाच ओळी. प्रगती आहे.

"बटाटा उकडायचा नसतो. दुकानात पांढरी बारीक पूड मिळते, तिला बटाट्याचा स्टार्च म्हणतात. तुकडे कोरडे करून त्यात घोळवा. थोडेथोडे तळा. मध्ये थांबा. घाई करू नका."

घाई करू नका! हे लिहायला तुला बरी शाई मिळाली. मी घाई केली नसती तर या घरात कोणाला वेळेवर चहा मिळाला नसता. आणि "मध्ये थांबा" म्हणजे? कशाच्या मध्ये? स्वयंपाकघराच्या मध्ये? जेवणाच्या मध्ये? तुझं पत्र ताकास तूर लागू देत नाही. ज्या हॉटेलात तू लग्नाआधी हे शिकलीस तिथेही असेच मुक्याने शिकवत होते का?

स्टार्च मिळाला. हातात घेतला की करकरतो, आपल्या लाँड्रीतल्या खळीसारखा. रविवारी परत केलं. वास सुरेख सुटला, शेजारीण दारात येऊन गेली. पण तुकडे पांढरे आणि मऊ. पीठ झाऱ्याला चिकटून निघालं आणि कोंबडी उघडी पडली. हे दारातून म्हणतात, "सारखी उलटतेस कशाला? बसू दे की त्याला जरा." म्हटलं, तुम्ही बसा.

आता एक गोष्ट सांगते, तुला कळली तर मला सांग. आईंच्या तोंडाजवळ तुकडा नेला. त्यांनी चावला आणि थांबल्या, कान देऊन ऐकत असल्यासारख्या. मग मान हलवली. "वाजत नाही," म्हणाल्या. म्हटलं, आई, हे चिकन आहे, ताशा नाही. तर डोळ्यांत पाणी. म्हातारीच्या. माझ्या लग्नापासून मी त्यांना रडताना पाहिलेलं नाही, मामंजी गेले तेव्हाही त्या सगळ्यांना चहा विचारत होत्या.

मी तशीच उठून भांडी घासायला गेले.

महिना संपत आलाय. आंघोळ घालताना पाठीचा एकेक मणका हाताला लागतो. मी साबण लावते तो हाडांना लावते. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ, पण म्हातारीला कशाला उपाशी मारतेस? कुरकुरीत कशाने होतं ते सरळ, पूर्ण वाक्यात लिही.

मोठी


२५ नोव्हेंबर

धाकटे,

तुझ्या उत्तराची वाट बघितली नाही. बस आणि सावकाश वाच, कारण हे मी सावकाश लिहिणार आहे. हो, मी.

रविवारी तिसऱ्यांदा घाट घातला. मी चिकन मुरवून ठेवलं, हात धुऊन मीठ घातलं. सवयीने. सोया सॉसमध्ये आधीच मीठ असतं हे तू लिहिलं नव्हतंस. मी अंगण झाडायला गेले तेवढ्यात यांना पुळका आला. मीठ राहिलं असेल म्हणून त्यांनीही घातलं, मूठभर. आमचा संसार असा चालतो.

तळायला घेतलं. पहिला घाणा जेमतेम रंगावर येतोय आणि गॅस संपला. माझ्या तोंडून काय निघालं ते कागदावर लिहिता येत नाही. तुकडे अर्धकच्चे, तेल थंड व्हायला लागलेलं. ते तेलात राहिले तर नुसते तेल पितील, म्हणून बाहेर काढायचे. ठेवायचे कशावर? भांड्यांच्या मागे तुझी ती जाळी होती. मी तिच्यावर पायमोजे वाळवत होते, खोटं कशाला सांगू. धुऊन घेतली आणि तुकडे तिच्यावर ठेवले.

हे नवा सिलिंडर लावायला बसले. आता घड्याळजीने सिलिंडर लावणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. रेग्युलेटर उलटा बघ, सुलटा बघ, फुंकर मार, रबर पूस. मी म्हटलं, "त्यात स्प्रिंग नाही, बसवा आता!" तर म्हणतात, "तू बाहेर जा, तुझ्या आवाजाने ते बिचकतंय." गेले बाहेर. पायरीवर बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर मीच जाऊन लावला असता.

गॅस पेटला. तेल तापवलं, या वेळी चांगलं कडकडीत, रागाने. तेच तुकडे परत सोडले आणि वैतागून पाठ फिरवली. होऊ दे काय व्हायचं ते. झारा लावलाच नाही. तर धाकटे, तेलाचा आवाज बदलला. आधी नुसती चरचर होती, मग टणटणीत झाला. वळून बघते तर वाळल्या पानासारखा रंग, आणि झाऱ्यात घेतले तर एकमेकांवर आपटून खडखडले.

मी एक तोंडात टाकला. कुर्रर्र! आणि लगेच मोरीत थुंकला. खारट म्हणजे किती खारट, जीभ सोलून निघाली. यांनी एक खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायले. मी डोकं धरून खाली बसले. कुरकुरीत झालं तर खाण्याजोगं नाही. ताटली तिथेच टाकली आणि उरलेलं मांस तरी पाण्याने धुवावं म्हणून नळाकडे गेले.

मागून आवाज आला. कुर्र. मग परत कुर्र.

आई भिंतीला धरून उठून आल्या होत्या. ओट्यापाशी उभ्या, हातात तुकडा. मी ओरडले, "अहो आई, टाका तो, मीठ झालंय!" त्यांनी दुसरा उचलला. डोळे मिटून चावत होत्या. तिसराही खाल्ला. तोंड वाकडं नाही, पाणी मागितलं नाही. मी यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे.

मी विचारलं, "आई, खारट नाही लागत?"

आईंनी चोरी पकडल्यासारखं तोंड केलं. मग म्हणाल्या, "लागत नाही. खारट नाही, गोड नाही, काहीच लागत नाही. ताप गेल्यापासून वासही येत नाही. सगळं कापूस चावल्यासारखं. हे निदान वाजतं तरी. आपण काहीतरी खातोय असं वाटतं."

"मग सांगायला काय झालं होतं?" मी तेव्हाही ओरडलेच.

"काय सांगू? तू दमून यायचीस, एवढं रांधायचीस. कापूस लागतो म्हणून सांगू? आणि तू दुसऱ्याला वाक्य संपवू देतेस का कधी?"

यांना हसू आलं. मी बघितलं तसं यांनी रुमालात खोकल्याचं केलं.

आता तू म्हणशील, एवढं लिहिलंस, मुद्द्याचं लिही. तर तुझं ते "मध्ये थांबा" मला कळलं. एकदा तळायचं, जाळीवर टेकू द्यायचं, मग तापल्या तेलात परत. टेकलं असताना ते आतल्या आत शिजत राहतं, वर नुसतं पडलेलं दिसलं तरी. बघणाऱ्याला वाटतं बाई हात बांधून उभी आहे.

यापुढे मी लिहीत नाही. तू समजून घे, तू शहाणी आहेस.

पण एक विचारते. तोंड दिलंय ना देवाने? "वहिनी, हे परत तळायचंय, थांबा," एवढे चार शब्द बोलायला काय झालं होतं तुला? तुझ्या आईसमोर ती राख पानात वाढलीस, पण बोलली नाहीस. म्हातारीही तशीच आणि तूही तशीच. तुम्ही दोघी गप्प बसायचं आणि मी मेलीने अंतर्ज्ञानाने ओळखायचं.

पुढचं चिकन मीठ न घालता केलं. आई खातात. रोज करते. खाटीक म्हणतो, "मावशी, हॉटेल काढलंत का?"

अप्रन धुतला. इस्त्री केली. लाँड्रीत नाही, घरी.

मोठी


२ डिसेंबर

धाकटे,

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. काट्यावर उभं केलं, वजन थोडं वाढलंय. थोडंच, पण नळीचं नाव त्यांनी काढलं नाही. चवीचं सांगितलं तर म्हणाल्या, तापानंतर होतं असं काहींना. येईल परत किंवा नाही येणार, सांगता येत नाही. मग मला म्हणाल्या, "तुम्ही हे ओळखलंत कसं?" मी काय सांगणार? नवऱ्याने मूठभर मीठ टाकलं म्हणून?

तुझी पुडी मिळाली. स्टार्च पाठवलास, बरं केलंस, इथल्यापेक्षा बारीक आहे. आतली चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. "माझी आई त्या दिवशी परत जाताना म्हणाली होती, तुझी जाऊ बोलते ते तोंडावर बोलते, तिच्यासोबत राहा. मी ऐकलं नाही." धाकटे, ही गोष्ट आता सांगतेस? तुला खरंच बोलायला शिकवायला पाहिजे कोणीतरी.

चिठ्ठी यांना दाखवली. हे चष्मा पुसत बसले बराच वेळ. भुवई उगवतेय.

आई रोज तुकडा कानाशी धरून मोडतात आणि मग खातात. मी मुद्दाम एखादा कमी तळला तर लगेच कळतं त्यांना. "हा झोपलाय," म्हणतात. पण बाकी सगळं अजून कापूसच. काल भाताबरोबर लोणी दिलं तर विचारतात, "हे काय आहे?" मी सांगितलं, लोणी. तर "असं होय," म्हणाल्या आणि गिळलं, औषध गिळतात तसं. कुरकुरीवर माणूस जगतो गं, पण किती दिवस?

मोठी


१३ डिसेंबर, सकाळी

धाकटे,

घाईत लिहितेय, लाँड्रीत जायचंय.

काल नेहमीसारखं केलं. सोया बेताचं, आलं किसून, लसूण, तुझा स्टार्च, दोनदा तळलेलं, मध्ये थांबून. थांबताना मी आता बाहेर पायरीवर जाऊन बसते, तो माझा नेम झालाय. आत राहिले तर हात झाऱ्याकडे जातो. यांनी चाखलं, छान झालंय म्हणाले. शेजारीण दोन तुकडे घेऊन गेली. मी स्वतः खाल्लं, मला दोष सापडला नाही, आणि मी दोष काढण्यात कमी नाही हे तुला माहीत आहे.

आईंना ताटली दिली. पहिला तुकडा कानाशी धरला, मोडला, तोंडात टाकला. चावता चावता थांबल्या. परत चावला. कपाळाला आठी. मग तोंड असं वेडंवाकडं केलं, आणि म्हणाल्या,

"आलं किती घातलंयस गं हे? घशाशी येतंय. धाकटीचं असं नसायचं."

मी तिथेच उभी. हातात झारा, त्यातून तेल फरशीवर ठिबकतंय. म्हटलं, "काय म्हणालात? परत म्हणा."

"म्हणते काय परत. आलं जास्त झालंय. आणि लसूण करपलाय. एवढे दिवस हेच घालतेस होय मला?"

धाकटे, मला इतकं वाईट या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि तो बराच वेळ चालू ठेवला. हे बाहेरून विचारत होते, पाणी कशाला वाया घालवतेस. आई आतून सांगत होत्या, तिला आवरू दे, रडतेय ती. म्हणजे कानही शाबूत आहेत.

तर आता ये. दोघं या. म्हातारीची जीभ परत आली आणि आल्याआल्या माझ्यावर सुटली. सकाळपासून चहात साखर कमी, पाव शिळा, दुधाला वास. हे सगळं मी एकटीने ऐकून घ्यायचं? तुझ्या वाटणीचं तू ऐक. तुझ्या आईलाही घेऊन ये, तिचं ते जेवण राहिलंय.

चिकन तू कर. अप्रन खुंटीला आहे, जाळी घासून ठेवली आहे, पायमोज्यांचं तुझ्या आईला सांगू नकोस. मी आत येणार नाही. बाहेर पायरीवर बसेन, हात मांडीखाली घेऊन, आणि कितीही वेळ लागला तरी तोंडातून ब्र काढणार नाही. हे मी लिहून देतेय.

पण गाडी कुठल्या दिवशी, किती वाजता पोचते ते उलट टपाली कळव. गाडीवर घ्यायला मी येतेय, तिथे थांबायला लावू नकोस मला.

तुझी वहिनी